बाईंनी पास केलेलं ॲप

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरच्या प्राचार्या मॅडम, संचालक मंडळातले माझे सहकारी, समोर बसलेल्या परिचारिका भगिनी आणि बंधूंनो, आणि ज्यांना निरोप देताना माझी जीभ जड झाली आहे त्या आपल्या इंग्रजीच्या बाई, सर्वांना नमस्कार.

मी ट्रकच्या स्टिअरिंगवरून या व्यासपीठावर पोचलेला माणूस. शिक्षण बेताचं, पण कान तिखट. म्हणून मंडळाने मला ॲप निवडायला बाईंच्या शेजारी बसवलं. ठराव असा, की इंग्रजी उच्चार आणि शब्द शिकवणारं मोबाइलवरचं एखादं ॲप पसंत पडलं तर बाईंचा वर्ग बंद. आणि पारखायचं कोणी? तर बाईंनीच! आहे की नाही मंडळाची कमाल?

तुमच्या प्रत्येकीच्या चुका बाईंना तोंडपाठ. फोन तोंडाशी धरून त्या मुद्दाम तुमच्यासारखं चुकीचं बोलायच्या. मी डोळे मिटून ओळखायचो, ही घाईत शब्द गिळणारी आपली ‘बुलेट’, ही पुटपुटणारी ‘लाजाळू’. (हसू नका, बुलेटताई, तुम्हीच त्या.) बरीचशी ॲपं दर चुकीला शाबासकी देत होती. एक तर जिराफ आणि पाणघोडा शिकवत बसलं. बाई म्हणाल्या, “भाऊ, आपल्या वॉर्डात पाणघोडा कधी भरती झालाय?” ते नापास.

शेवटच्या ॲपने मात्र बुलेटला पकडलं, लाजाळूलाही पकडलं. जीभ दातांना कुठे टेकवायची तेही दाखवलं. शब्दसुद्धा ताप, जखम, धाप लागणं असे कामाचे. बाईंचा चेहरा खुलला, माझा पडला.

मी हळूच म्हणालो, “बाई, थोडे गुण कापा की. कोण बघतंय?”

“उद्या या मुली परक्या मुलखात रुग्णाच्या उशाशी उभ्या राहतील, भाऊ. माझी खुर्ची टिकावी म्हणून चांगल्याला वाईट म्हणू?”

ॲपही राहू द्या, बाईही राहू द्या, म्हणून मंडळात मी घसा कोरडा केला. हात वर झाले ते वर्ग बंद करायच्या बाजूने.

काल बाईंच्या शेवटच्या तासाला वर्गात डोकावलो. प्रत्येकीच्या कानात वायर, उच्चार खणखणीत. ॲप चांगलंच आहे, खोटं कशाला बोलू? बाई फळ्यापाशी उभ्या होत्या, कुणी हाक मारतंय का बघत. कुणाचं काही अडतच नव्हतं.

आयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि बाई, मंडळाला पटेल असं मला बोलता आलं नाही, तेवढ्याची क्षमा तुमच्याकडे वेगळी मागतो.