एका तुकड्यावरून

शुद्धलेखन माझं कच्चं, शब्दही साधेच, आठवीत शाळा सुटली, तेवढं पदरात घ्या. पण तुम्हाला सांगतो, दोन वर्षं पोट दुखतंय आणि कारण काय, तर पाव! अहो, मी बेकरीत पाव करतो! न्हाव्याला केसांचं वावडं असावं, तसं!

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आतडं काढून दाखवलं. म्हणे अस्तरात पहारेकरी पेशी असतात, फटीतून हात बाहेर काढतात, येईल त्याचा तुकडा उचलतात आणि जवळच्या गाठीत जाऊन टी-पेशी नावाच्या शिपायांना दाखवतात. एरवी पहारेकरी सांगतो, "अन्नच आहे रे, झोपा." माझा मात्र बोंब ठोकतो, "गहू आला, गहू आला!" की ज्या शिपायाला तो तुकडा ओळखू येतो तो उठतो, एकाचे हजार होतात आणि झोडपतात कोणाला? माझ्याच आतड्याला! एका तुकड्यावरून, हो!

"त्या पहारेकऱ्याला समजावता नाही येत?" मी विचारलं.

"अजून तरी नाही. तुम्हीच गहू सोडा. कणभरसुद्धा नको."

सोडा म्हणे! आमच्या बेकरीचा रिवाज असा, की भट्टीतून पहिली खेप निघाली की ज्यानं पीठ मळलं त्यानं सगळ्यांसमोर तुकडा मोडून खायचा. मालक म्हणतात, "स्वतः खात नाही त्याच्या हातचा पाव गिऱ्हाइकानं का खावा?" मागचा कारागीर नको म्हणाला, दुपारी घरी! आणि मी इतका लाजाळू, की जेवताना मीठ मागायलाही बहिणीला पुढं करतो. आई म्हणाली, "सांगून टाक की मालकांना! मूग गिळून काय बसतोस?" मूग चालतात गं, गहू चालत नाही! नोकरी जाणार माझी... एका तुकड्यावरून, हो!

दुसऱ्या दिवशी सकाळी पिठाचा कणही आत जाऊ नये म्हणून नाकातोंडाला फडकं बांधून गेलो, मळलं, भाजलं, तुकडा मोडला आणि मालकांपुढं धरला. "मला... बाधतो. तुम्ही खा."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं, तुकड्याकडं पाहिलं, तोंडात टाकला. मग जी बोंब ठोकली, "अरे, या रे सगळे! मीठच नाही यात!"

धास्तीनं विसरलो होतो हो! बाकीचे चारही कारागीर हातातलं टाकून धावले, चाखून चाखून मला झोडपलं. नोकरी राहिली. मालक म्हणाले, "मळायचं तूच. चव रोज मी घेणार, सगळ्यांसमोर."

म्हणजे आतलं थांबलं, आता तेच बाहेर. एका तुकड्यावरून, हो!