चार काळ्या पट्ट्या

...नाही, मूर्ख मीच, दुसऱ्या कोणाचं नाव कशाला घेऊ? तुम्हाला सांगते, सोळा वर्षांचा आमचा युसुफ लाडात येऊन म्हणतो, अम्मा, चार काळ्या पट्ट्या शिवून दे, दंडावर बांधायच्यात, आणि आई विचारत नाही कशाला! मला वाटलं, धावण्याच्या टीमचा युनिफॉर्म असेल. माझा रेशमी बुरखा, खाडीपलीकडच्या बर दुबईच्या बाजारातून हौसेने आणलेला, तोच फाडला, वर कडेला लेससुद्धा लावली... लेस!

मला काय ठाऊक, रेडिओवर मेक्सिकोच्या ऑलिम्पिकात बक्षीस घेताना निषेध म्हणून काळे हातमोजे घालून मूठ उगारणाऱ्या त्या काळ्या धावपटूंची बातमी ऐकून चार पोरांनी काय ठरवलंय? शर्यत कंपनीच्या मैदानावर. आमचे हे, शौकत, त्याच कंपनीत स्टोअरकीपर. तिथली रीत अशी, की गोऱ्या साहेबांची पोरं क्लबात कपडे बदलणार, आमची लॉरीच्या आडोशाला. चालायचंच, आम्ही काय बोललो कधी? पण गेल्या वर्षी याकूब, टीममधला सगळ्यात जोरात धावणारा, रंगाने काळाभोर, क्लबातल्या नळावर पाणी प्यायला, तर साहेबाने त्याच्यासमोर नळ फिनाइलने धुवून घेतला. पोरं विसरली नव्हती हो, मी विसरले होते.

तर शिट्टी झाली, साहेबांची पोरं पळाली, आमची चौघं रेषेवर खांबासारखी उभी. मी बायकांतून ओरडतेय, यल्ला युसुफ, भाग ना बाबा! आणि शेजारची हव्वाबी माझ्या कानात, "पट्ट्या काय नामी आहेत गं, शिवल्या कोणी?"

शिवल्या कोणी? मीच!

दुसऱ्या दिवशी साहेबाचा टाइप केलेला कागद आला. त्यात पोरांच्या तोंडी लिहिलेलं, याकूबने आम्हाला भडकवलं, माफी असावी. युसुफने खाली सही करायची, नाही केली तर गुरुवारच्या मुंबईच्या बोटीत आमचं बिऱ्हाड, खलास. परत रत्नागिरी. तिथे काय आहे, दोन कलमं आणि दिराचं तोंड!

रडले, जेवण सोडलं... बिर्याणी वाया जाईल म्हणून संध्याकाळी खाल्ली, पण दुपारभर सोडलं होतं! पोरगा इंग्रजीत एवढंच, "नो, अम्मा." मग याकूबच आला, अब्रा, ती भाड्याची होडी, पकडून, खाडी ओलांडून. म्हणाला, खाला, करू दे त्याला सही, मी तर इथलाच, मला कुठे बोटीत बसवणार आहेत? मला त्याच्याकडे बघवेना. आणि युसुफ तरी "नो." आता त्याला काय बोलू? पट्ट्या शिवल्या कोणी?

शेवटी बुधवारी कागद यांच्यापुढे धरला. म्हटलं, तुम्ही बाप आहात, तुम्हीच करा त्याच्या नावाने, साहेबाला काय कळतंय? अकरा वर्षांची नोकरी आहे हो, हात जोडते...

यांनी चष्मा लावला. कागद दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"ठेव. ट्रंकेच्या तळाशी अंथरायला कागद लागेलच."