ज्वारीचा फोटो

थायलंडच्या रिसॉर्टवर काय खाल्लं, असं इचारून राह्यले ना, तं आयका. तुमच्या वहिनीले गव्हातलं ग्लूटेन पचत नाही, डॉक्टरनं गहू कायमचा बंद केला. पोरगा आमाले तिथं घेऊन निघाला, म्हणून हिनं बॅगेत साड्यांच्या खाली ज्वारीचं पीठ भरलं.

तिथं नाश्त्याले टेबल भरून पदार्थ, पण सगळ्यात मैदा. दोन दिवस हिनं भात अन् टरबूज खाल्लं. तिसऱ्या दिवशी पीठ घेऊन थेट त्यांच्या सैपाकघरात गेली. भाकर थापली, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं. उलटवली तशी टम्म फुगली. तिथला आचारी हातातलं काम सोडून पाहतच राह्यला. एक तुकडा खाल्ला अन् पोराले इंग्रजीत काही बोलला.

पोरगा म्हणे, "बाबा, हे पीक कसं दिसते म्हणते तो. वावराचा फोटो दाखवा."

मी मोबाईल काढला. पाहतो तं सगळं सोयाबीन. ज्वारी पेरणं सोडून आमाले बारा वर्षं झाली. कणसावरची पाखरं हाकलाले माणूस भेटत नाही. ते पीठबी आपल्या रिसोड गावच्या दुकानातलं.

म्या म्हटलं, "सांग त्याले, फोटो काढाचा राहून गेला."

"खोटं कायले बोलता?" ही तव्यावरून नजर न काढता बोलली. "पुढच्या साली धाडतो म्हणा. पाखरं मी हाकलीन."