शोरूमकडे जाणारी बस

विनिपेगच्या कडाक्याच्या थंडीत बसमध्ये पुढच्या बाकावर नवरा-बायको बोलत होते. मागे बसलेल्या थेल्माने कानावरची टोपी जराशी वर सरकवली.

"गाड्या विकणारा माणूस बसने कामाला जाणार? लोक हसतील, ओरेस्ट."

"हसू देत. फीट आली म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद केलीय, विकायची नाही."

"आणि गिऱ्हाइकाला गाडी चालवून कोण दाखवणार?"

"त्यानंच चालवायची. मी शेजारी बसून बोलणार."

"साहेबांना सांगणार आहेस ना?"

"आज, आत गेल्या गेल्या. लपवाछपवी करून विकणं मला जमायचं नाही."

"त्यांनी काढून टाकलं तर?"

"समोरच्या शोरूममध्ये विचारीन. स्टॉप तोच आहे."

"बरं, इकडे बघ. टाय वाकडा झालाय."