कार्डिफची मच्छरदाणी

अगं, ब्रिटनच्या गारठ्यात, कार्डिफला कोणी मच्छरदाणी आणतं का? माझ्या सासूबाईंनी आणली, थेट पुण्याहून. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

तेव्हा सेंट्रल हीटिंग नव्हतं. ऊब ती खालच्या खोलीतल्या लाकडाच्या स्टोव्हची. दार उघडं ठेवलं की ऊब वर सासूबाईंपर्यंत जायची, आणि मागोमाग आमची दोन्ही मांजरं. सासूबाईंना मांजर अजिबात खपायचं नाही. शेवटी नवऱ्यानं दाराला तीच मच्छरदाणी लावली. ऊब वर, मांजरं आत!

एकदा हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून लवकर घरी आले, तर सासूबाईच जाळीच्या आत, मांडीवर दोन्ही मांजरं.

"आई, वर ऊब येत नाही का?"

"येते गं. पण तुम्ही दोघं दिवसभर ड्यूटीवर. मला हाक मारायला ह्यांच्याशिवाय आहे कोण?"

मी कोट न काढताच जाळीचं टोक उचललं.

"ये ना आत," त्या म्हणाल्या. "आणि जाळी लगेच खोच, नाहीतर पळतील ही."