हसायची चेष्टा

माहेर माहं घमापूरचं, जन्म इथलाच, या हिंदी मुलखातला, पण घरात मराठीच, आजोबा वर्ध्याकडचे ना. लग्न होऊन याच शहरात कांचघरला आली, नवरा फॅक्टरीत, एक पोरगी झाली, सगळं ठीक चाललं होतं, अन् मग काय सांगू तुम्हाला ताई, माह्या चेहऱ्यात दुसरंच कोणी येऊन बसलं.

सकाळी मी मीच राहो. दुपार कलली की पापण्या खाली, आवाज नाकातून, घास गळ्यात अडके. अन् पोटऱ्यांत कातडीखाली काहीतरी सरपटे, मी हलवत नव्हती बरं का, ते आपलं आपणच, झोपेतही. सगळ्यात वाईट हसू. हसायला जाऊ तर ओठाच्या कडा उचलतच नव्हत्या, मधला ओठ तेवढा वर, दात दिसत, कुत्रं गुरकावते तसे. पोरगी किंचाळून आजीमागं लपे, म्हणे ही आई नाही, आई सकाळी येते.

आजी म्हणजे माह्या सासूबाई, गावाकडून आलेल्या, हिंदी यथातथाच. त्या म्हणत तिन्हीसांजेला हिच्या अंगात येते कोणी. तरी दवाखान्यात सोबत आल्या. डॉक्टर म्हणाले दीदी, ज़रा मुस्कुराने की चेष्टा कीजिए. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, पण झालं! सासूबाई ताडकन उठल्या, पाहा, डॉक्टरलेही समजलं, माही चेष्टाच करून राहिली ना ही इतके दिवस! मले खरंच हसू फुटलं, अन् पुन्हा तेच दात. डॉक्टर वाकून पाहतच राहिले, अन् त्यावरूनच त्यांनी बिमारी धरली.

एक नाही, तीन बिमाऱ्या निघाल्या, नावं काही माह्या तोंडी बसली नाहीत. म्हणे रोगाशी लढणारे अंगाचे पहारेकरीच घरच्यांना मारून राहिले. इलाजही कसा, पापणी उघडायची गोळी घ्यावी तर पोटऱ्या जास्तच सरपटत. मग मशीनला लावलं, रक्तातलं माहं पिवळं पाणी काढून फेकलं अन् दुसऱ्यांचं भरलं. सासूबाईंनी हळूच विचारलं, कोणाचं आहे वं हे पाणी? मले काय माहीत. पण त्यानंच मी वाचली, घास उतरू लागला.

आता पोरगी इथंच महाराजपुरात नांदते. मराठी समजते तिले, बोलते हिंदीच. गोळ्यांनी बरंच बरं आहे, पण थकली की संध्याकाळी चेहरा अजून निसटते. पोरगी सकाळीच येते. जेवून थांब म्हटलं तर म्हणते मम्मी, फिर आऊँगी. मले वाईट वाटते, पण काहून अडवू? मी पदर तोंडावर धरून हसते अन् हात हलवते.

देव तुमचं हसू तुमच्याच ताब्यात ठेवो, ताई. चलो, सांज होऊन राहिली, तुम्हीही निघा आता.