राहून गेलेल्या टाळ्या

ड्यूटीवरून एसटीने परतणाऱ्या नर्सबाईंची डुलकी पुढच्या सीटवरच्या बोलण्याने मोडली. उतारवयाचं एक जोडपं पक्षाच्या अधिवेशनाहून घरी चाललं होतं.

"अध्यक्षांचं भाषण कसं वाटलं हो?"

"दणदणीत! टाळ्या वाजवून हात दुखले."

"आणि माझं?"

"आवाज कापत होता तुझा."

"टाळ्याही नाही वाजवल्यात तुम्ही."

"राहूनच गेल्या."

"इतकं वाईट झालं?"

"आपली छोटी लेक दवाखान्याच्या वाटेवरच गेली, त्याबद्दल इतक्या वर्षांत तू माझ्याशीही बोलली नव्हतीस. मी चष्मा पुसत बसलो."

"गावाला दवाखाना मागायचा, तर सांगावंच लागलं. पुन्हा नाही बोलणार."

"बोलायचं. फक्त ते 'सन्माननीय' सात वेळा नको."

"मोजलंत?"

"तू बोलत होतीस ना. शब्द न शब्द ऐकला."